ज्याने ओ दिली, त्याचा शब्द

इंदिरानगरला पुतण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पाने उठली, मंडळी बडीशेप चघळत पंख्याखाली बसली, आणि पुतण्याने पाहुण्यांना माझी गोष्ट सांगायला घेतली. मी समोरच बसलो होतो. माझ्या देखत माझी गोष्ट सांगण्याचा धीर लोकांना अलीकडे होऊ लागला आहे. मला कमी ऐकू येते असा त्यांचा समज आहे. गोष्ट अशी, की घरातल्या एका लग्नात वरपक्षाच्या बाईंनी आमच्या दादांना मुलीचे आजोबा समजून 'दादाजी' म्हटले, म्हातारे ठरवल्याचा दादांना इतका संताप आला की ते भर मांडवातून निघून गेले, आणि पोरीची पाठवणी त्यांच्याविनाच झाली. मंडळी खदखदून हसली. त्यावर पुतण्याने आपली विद्वत्ताही जोडली : मुळात हा शब्द हिंदीच, त्याचा खरा अर्थ आजोबा, आपण मराठी माणसांनी तो उगाच थोरल्या भावाला चिकटवला.

या कथनात मी मांडवातून निघून गेलो एवढेच खरे आहे. बाकीचे मी आता एकेक करून खोडणार आहे. त्या दिवशी बोललो नाही, कारण वास्तुशांतीच्या दिवशी यजमानाला त्याच्याच घरात खोटे पाडू नये एवढी रीत मला कळते.

आम्ही तिघे भाऊ, मी थोरला. वडील लवकर गेल्यामुळे धाकट्या दोघांचे दादा म्हणणे केवळ वयाच्या मानाने नव्हते; त्यात बापाचाही अंश होता. माझे लग्न झाल्यावर माझी बायको त्यांची वहिनी झाली. नाशिकरोडच्या आमच्या भाड्याच्या तीन खोल्यांत पुढे जो कोणी जन्मला किंवा नांदायला आला, त्याने घरात आधीपासून चालत असलेल्या हाकाच उचलल्या. आजच्या मुलांना हे चमत्कारिक वाटेल. त्या काळी एकत्र घरातली मुले सख्ख्या बापाला काका म्हणत, भाऊ म्हणत, सख्ख्या आईला वहिनी म्हणत, कारण कानावर तेच पडे. मुलाला मुद्दाम बसवून 'आई म्हण, बाबा म्हण' असे शिकवणे म्हणजे आपले मूल इतरांपासून वेगळे काढणे. ते चारचौघांत शोभत नसे.

मधला भाऊ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीने काम करी. त्याला घरात सगळे भाऊच म्हणत. सत्तर साल लागता लागता त्याची बायको बाळंतपणात गेली आणि मुलगी वाचली. ते गाठोडे त्याने माझ्या बायकोच्या ओटीत ठेवले आणि तो दारातल्या पायरीवर जाऊन बसला. आम्हाला मूल नव्हते. हे वाक्य मी एकदाच लिहीन.

भाऊने पुन्हा लग्न केले नाही. सुट्टीच्या दिवशी तो यायचा. अंघोळ करून आला तरी त्याच्या कपड्यांना कोळशाच्या राखेचा वास असे. मुलगी त्याला भाऊ म्हणे, त्याच्या खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या खाई आणि तो निघाला की हात हलवून पुन्हा आपल्या खेळाला लागे. तो फार भला माणूस होता, आणि फार कमी बोले. या लिखाणात त्याच्याविरुद्ध एक शब्दही नाही.

ती पहिल्यांदा बोलली त्या प्रसंगाविषयीही घरात वाद आहे. मी उत्तरपत्रिका तपासत होतो, ती ओट्यावर बसली होती, आणि ती 'दा-दा' म्हणाली. मी ओ दिली. धाकट्या भावाचा आजही दावा आहे, की ती कुंपणावरच्या कावळ्याकडे बघून म्हणाली होती. असेल. ओ मी दिली. कावळ्याने दिली नाही.

त्या दिवसापासून मला या शब्दाचे वेड लागले. मी शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे वेडाला कोशांची साथ मिळाली. आमचे संस्कृतचे सहकारी छातीठोकपणे सांगत, की 'तात' या शब्दापासून 'दादा' आला, पुढे काही बोलायचे कारण नाही. हिंदीत आणि गुजरातीत दादा म्हणजे बापाचा बाप, हे मला ठाऊक होते. भाऊचा एक साहेब बंगाली होता; त्याच्याकडे आपल्यासारखाच थोरला भाऊ. आणि आमच्या स्टेशनबाहेर गाड्यावाल्यांकडून हप्ता घेणारा जो होता, तोही दादाच. पण या सगळ्या एका कुळातल्या भाषा झाल्या. बहिणी-बहिणींनी एकमेकींचे लुगडे नेसले तर त्यात नवल नाही. ज्या भाषांचा आपल्याशी सुतराम संबंध नाही, तिथे काय आहे, हे मला हवे होते.

ते मला कोशांत मिळण्याआधी बाजारात मिळाले. आफ्रिकेतून सगळे सोडून परत आलेल्या एका कच्छी कापडवाल्याने मेनरोडला दुकान थाटले होते. झबल्यासाठी कापड घेताना मी त्याला माझ्या नादाची गोष्ट सांगितली, तर तो कात्री खाली ठेवून हसत सुटला.

"मास्तर, तिकडं दादा म्हणजे बहीण! आमच्या घरी कामाला बाई होती, माझी आई तिला 'दादा, दादा' करून हाक मारायची. इथं आलो, तर शेजारचा मिशीवाला दादा! पहिले आठ दिवस मला तोंडावर रुमाल धरावा लागला."

देवळाली कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार लढाईच्या काळात मलायात होते. ते सांगत, की तिथल्या दवाखान्यात एक स्थानिक डॉक्टर त्यांना तपासताना 'दादा, दादा' म्हणू लागला. "मी म्हटलं, वा, हा तर आपलाच निघाला! हात पुढं केला, तर तो माझा सदरा वर करायला लागला." त्या भाषेत दादा म्हणजे छाती. पुढे कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी सांगितले, की फ्रेंच लहान मुले घोड्याला दादा म्हणतात. तुर्की भाषेत त्याच्या अगदी जवळचा शब्द मूल सांभाळणाऱ्या दाईला आहे.

संस्कृतच्या सहकाऱ्यांना मी हे सगळे ऐकवले आणि विचारले, "आता सांगा. आफ्रिकेतल्या बहिणीला 'तात' कोणी शिकवला?"

"योगायोग," ते म्हणाले.

योगायोग नव्हे. माझे म्हणणे मी तेव्हाही मांडले होते आणि आजही त्यावर ठाम आहे. अंगणातल्या अंगणात फिरणाऱ्या अशा शब्दांना मूळ गाव नसते. दात फुटू लागलेल्या मुलाची जीभ हिरडीला लागते आणि 'दा' होतो. त्याला तो आवाज आवडतो म्हणून ते तो पुन्हा करते. त्यात कोणताही अर्थ नसतो. मग जवळ उभे असलेल्यांपैकी कोणी तरी ओ देतो, आणि तो आवाज त्याचा होतो. एका मुलखात बहिणीने ओ दिली, एका मुलखात आजोबाने, कुठे दाईने. पुतण्याने हे नीट वाचावे. शब्द हिंदीकडून आला नाही आणि कोणाला चुकून चिकटलाही नाही.

छातीचा अर्थ मी घरी सांगितला तेव्हा माझी बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग त्या लोकांनाच बरोबर कळलंय. पोर रात्रभर तिथंच तर लोळत असते."

मुलगी शाळेत जाऊ लागली, आणि एके दिवशी दप्तर न काढताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मुली तिला चिडवत होत्या : तुझा बाप तुझा भाऊ, आणि तुझी आई तुझी वहिनी.

"दादा, तुम्ही माझे कोण?"

मी तिला सविस्तर उत्तर दिले. आफ्रिका सांगितली, मलाया सांगितला, एकच शब्द कुठे कुठे कोणाकोणाचा होतो ते सांगितले. ती डोळे मोठे करून ऐकत होती. स्वयंपाकघरातून आवाज आला, "पोर काय विचारतेय नि तुम्ही काय सांगताय! ये गं इकडं. ते तुझे दादा, मी तुझी वहिनी, आणि भात निवतोय." मुलगी आत पळाली. मला ती तुम्ही म्हणे, वहिनीला तू. माझे उत्तर पोरीला कळले नाही, असे घरात सांगितले जाते. तेही खोटे. दुसऱ्या दिवशी तिने चिडवणाऱ्या मुलींना तेच ऐकवले आणि त्यातल्या एकीला आफ्रिकेत पाठवून देण्याची धमकीही दिली. शाळेतून माझ्याकडे तशी तक्रार आली होती.

ऐंशीचे दशक संपत आले तेव्हा तिचे लग्न ठरले. मुलगा इंदूरचा, घराणे मराठी, पण पिढ्यान् पिढ्या तिकडे राहिलेले. बैठकीत कन्यादानाचा विषय निघाला. भाऊ सहसा बोलत नसे, पण त्या दिवशी तोच आधी बोलला.

"कन्यादानाला जोडपं लागतं. मी एकटा. दादा-वहिनी बसतील. आणि मी एकटा नसतो तरी त्यांनीच बसायला पाहिजे होतं."

माझी बायको उठून आत गेली. बऱ्याच वेळाने चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा तिने तोंड धुतलेले होते.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक वेगळाच उद्योग सुरू झाला. कन्यादानाच्या वेळी बाप ओंजळ धरतो आणि आई त्या ओंजळीवर पाण्याची धार सोडते. मंत्र संपेपर्यंत ती धार तुटू द्यायची नसते, अशी समजूत आहे. धार अखंड तर मुलीचा संसार अखंड. माझी बायको रोज दुपारी मागच्या मोरीवर बसून तांब्याने धार धरण्याचा सराव करू लागली. मला ओंजळ धरून पुढे बसावे लागे.

"अगं, हात भरून आला माझा."

"गप्प बसा. मंत्र म्हणा."

"कोणता?"

"कोणताही. लांबलचक म्हणा. भटजी काही तुमच्यासारखे घाईचे नसतात."

मी मग पाठ असलेले व्याकरणाचे नियम म्हणत असे, कारण ते लांबलचक असतात. ती मनगट स्थिर ठेवून, ओठ दाबून धार धरी. कामाला आलेली बाई एकदा म्हणाली, "बाई, पाणी लय जातंय." बायको म्हणाली, "जाऊ दे. एकदाच लागणार आहे." तांबूस, सुतासारखी, सरळ पडणारी ती धार मी अजून पाहू शकतो. तांब्या तांब्याचा होता, म्हणून पाण्यालाही तसा रंग येई.

लग्नाला तीन-एक महिने उरले असताना तिला ताप आला. मग तो डोक्यात गेला. पुढचे मी लिहिणार नाही. ती गेली.

अशा वेळी दोन मते असतात : कार्य वर्षाच्या आत उरकावे, नाही तर तीन वर्षे थांबावे. इंदूरची माणसे समजूतदार होती. त्यांनी निर्णय आमच्यावर सोडला. मीच म्हणालो, ठरलेला मुहूर्त मोडायचा नाही. तिने पंचमी-अष्टमी बघून तो धरलेला होता.

आता मांडव. माझ्याविषयी जे सांगितले जाते ते सगळे त्या एका सकाळचे आहे, म्हणून मी ती क्रमाने सांगतो.

मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या. भटजी आमच्या ओळखीचे होते, माझ्या बायकोचे दिवसही त्यांनीच केले होते. ते मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "दादा, अडचण काही नाही. पत्नी हयात नसली तर कमरेला सुपारी खोवून यजमान बसू शकतो. सुपारी तिच्या जागी. शास्त्राला मान्य आहे. मी आणून ठेवली आहे." त्यांनी मूठ उघडून दाखवली.

मी त्या सुपारीकडे पाहिले. मग म्हणालो, "नाही."

"अहो, सगळे करतात."

"करोत. मी तिच्या जागी ही धरणार नाही."

भाऊ जवळ आला. त्यालाही सुपारी खोवून बसता आले असते. तो म्हणाला, "दादा बसत नाहीत, तर मी कुठल्या तोंडानं बसू?" वेळ चालली होती. शेवटी धाकटा आणि त्याची बायको बसली, कारण तेच एक जोडपे घरात उरले होते. धाकटीने त्या मुलीसाठी कधी काही वाईट केले नाही, हे मला मान्य आहे. काही केलेही नाही. ती शालू सावरत बसली, कोणी तरी तिच्या हाती झारी दिली. मी खांबाला टेकून उभा होतो. मुलीने एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिले. डोक्याला मुंडावळ्या होत्या, त्यामुळे तिच्या डोळ्यांत काय होते ते मला दिसले नाही.

मंत्र सुरू झाला. धार पहिल्या काही क्षणांतच तुटली. धाकटीने झारी पुन्हा तिरपी केली, पुन्हा तुटली. कोणाचे लक्ष नव्हते. भटजी पुढे म्हणत राहिले, फोटोवाला जवळ येऊन वाकला, कोणी तरी सनईवाल्याला हात केला. त्याच सुमारास माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वरपक्षाच्या बाईंनी कोणाला तरी विचारले, "हे कोण? दादाजी का मुलीचे?" दोघी-तिघी हसल्या. मीही ओठांनी हसलो असेन. ज्याने त्या शब्दाचे अर्थ अर्ध्या जगातून गोळा केले, तो त्यातल्या एका अर्थावर रुसेल, असे ज्यांना वाटते त्यांच्या बुद्धीची मला कीव येते. मी त्या बाईंचे बोलणे ऐकले आणि विसरलोही. मी तिसऱ्यांदा तुटलेली धार पाहत होतो. ती पाहणे मला शक्य होईना, म्हणून मी बाहेर पडलो आणि नाशिकरोडच्या भर उन्हातून चालत घरी येऊन मोरीवर बसलो. मी मानापमानासाठी गेलो नाही. मी गेलो, कारण जिचा हात तिथे हवा होता तो तिथे नव्हता, आणि त्याची उणीव त्या सबंध मांडवात एकट्या मला दिसत होती. पाठवणीच्या वेळी ती 'दादा कुठायत?' असे विचारत होती, हे मला नंतर सांगितले गेले. तिला मात्र त्याच वेळी सांगून टाकले, की दादा रुसून गेले.

बायकोच्या वर्षश्राद्धाला ती इंदूरहून आली. सासरी गेलेल्या मुलीने यायची रीत नाही; तिच्या घरच्यांनी तरीही पाठवले. दिवसभर ती स्वयंपाकात होती. जेवून सगळे गेले, भाऊही पाळीवर गेला. मी आरामखुर्चीत होतो. ती पदराला हात पुसत येऊन समोर पाटावर बसली. मला वाटले, आता ही रुसण्याचे कारण विचारेल, आणि माझे उत्तर तयार होते.

तिने ते विचारले नाही.

"दादा, भटजींनी सुपारी दिली होती ना तुम्हाला?"

"कोणी सांगितलं?"

"मला दिसलं. मी तिथंच होते."

"मग नाही म्हटलेलंही दिसलं असेल."

"हो."

मी सांगू लागलो. म्हणालो, पोरी, जिने तुला ओटीत घेतली, जिने महिनाभर त्या धारेचा सराव केला, तिच्या नावाने मी बाजारातली सुपारी कमरेला कशी खोवू? शास्त्राला मान्य असेल, मला नाही. मी बरेच बोललो. शास्त्रात प्रतिनिधी कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, याची उदाहरणेही दिली. माझे संपले, तेव्हा ती म्हणाली,

"तुमच्यासाठी ती सुपारीच होती, दादा. मला चालली असती."

"काय चाललं असतं?"

"सुपारीचं मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी रात्रभर मनात तेच धरून होते, की उद्या वहिनी बसणार. सुपारी तर सुपारी. तुमच्या शेजारी ती आहे असं सगळ्यांसमोर कोणी तरी म्हटलं असतं. तेवढं एकदा झालं असतं. मग मी उठताना दोघांच्या पाया पडले असते." तिने पदराने पुन्हा हात पुसले. "मी काका-काकूंच्या पाया पडले. ते माझे कोण आहेत हो?"

मी जन्मभर ज्याला त्याला उत्तर देत आलो. त्या दिवशी मी तोंड उघडले आणि म्हणालो, "ते तुझे काका-काकू."

"हो," ती म्हणाली.

आतून दूध उतू गेल्याचा वास आला. ती लगबगीने उठून गेली. मी तिचे पातेले उतरवणे ऐकले, ओट्यावर फडके फिरवणे ऐकले. बराच वेळ झाला तरी ती बाहेर आली नाही, आणि मी उठून आत गेलो नाही.